दादाने हळू केलेला पंखा

काल मुलीने तिच्या कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. आतल्या पंख्यांचा वेग तिने स्क्रीनवरूनच कमी केला. "बघा बाबा, आता ऐकू तरी येतंय का?" मी मात्र केव्हाच लहानपणीच्या, चिक्कडपल्लीच्या घरात पोचलो होतो.

तेव्हा गल्लीतली निम्मी पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. दादाचं मशीन आईच्या पलंगाशेजारीच होतं, कारण दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. दम्याने रात्रभर जागलेल्या आईचा दुपारी कुठे डोळा लागतो, तोच मशीनमधला पंखा घरघरायचा. शेवटी दादाने त्या पंख्याची तार कमी व्होल्टेजला जोडून त्याला हळू केलं, आणि मशीन तापू नये म्हणून डब्याचा बाजूचा पत्रा काढून ठेवला. "मशीन चालू आहे की बंद, तेच कळत नाही रे," आई कौतुकाने म्हणाली.

आई गेली. तेरावा झाल्यावर एका दुपारी दादाने तार पुन्हा होती तशी जोडली, पत्रा बसवला, स्क्रू आवळले. बटण दाबताच घरघर खोलीभर पसरली. मला त्याचा रागच आला. आता वाटतं, त्याला ती शांतता सोसत नसावी.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमचे बाबा म्हणाले, "अरे, जरा आहिस्ता कर. तिचा आत्ताच डोळा लागलाय."

मग आतून भांड्याचाही आवाज येईना. दादाने मशीन बंद केलं आणि पुन्हा स्क्रू काढायला घेतले.