रिकाम्या कॅनातलं पाणी

आज बायकोनं लसूण ठेचला आणि मला बीडच्या फार्मसी कॉलेजातला विषशास्त्राचा एक जुना तास आठवला. काही कीटकनाशकांना लसणासारखा वास येतो, असं मी शिकवत होतो. शिरूर कासारची सविता उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे.

"सर, फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅनात आमी प्यायचं पाणी नेतोत. राखेनं लई घासलाय, तरी असाच वास येतोय."

वर्ग हसला.

"हे परीक्षेत येत नाही, बस," म्हणत मी फळ्यावर विषबाधेची लक्षणं लिहिली. लाळ, घाम, थरथर.

तिनं सगळं उतरवून घेतलं. मग हळूच म्हणाली, "सर, मायचे हात बी असेच थरथरतेत."

घंटा झाली. मी फळा पुसला. तास वेळेत संपवण्याचा तेव्हा मला अभिमान होता.