सात जणांच्या गाडीत दोघं

माझ्या बायकोला दवाखान्यात न्यायचं राहिलं, कारण मला पार्किंग मिळालं नाही.

आज मेधाला जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर हे सई, आमची लेक, सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितोय.

आम्ही न्यूझीलंडहून दक्षिण स्पेनला गेलो होतो, तिथे भाड्याने मोटरहोम घेऊन. साडेसात मीटर लांब, सात जण झोपतील एवढी गाडी.

सात, कारण मी सगळ्यांना बोलावलं होतं. आपल्याला दोघांनी कुठे जाणं जमतच नाही ना! व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. पुण्याहून मेहुणी आणि साडू, इथल्याच 'ते रापा'हून माझा मित्र आणि त्याची बायको, पोरिरुआहून सई.

"आम्ही नक्की!" पुणेकर म्हणाले.

"स्वीट अ‍ॅज, आम्ही आहोतच," मित्र म्हणाला.

मग साडूंचा व्हिसा अडकला. मित्राची आई घरात पडली. सईला नव्या नोकरीत रजा मिळेना. महिन्याभरात एकेक करून सगळे गळाले आणि छोटी गाडी आता मिळत नव्हती.

मलागाला त्या धुडाची किल्ली हातात घेतली तेव्हा मेधा आत जाऊन सगळे बेड मोजून आली. म्हणाली, "रोज वेगळ्या बेडवर झोपू. हॉटेल बदलल्यासारखं."

इकडे टौरंगात आयुष्यभर डावीकडून गाडी चालवलेली. तिथे उजवीकडून. ती शेजारी बसून प्रत्येक राउंडअबाउटला बजावायची, "उजवीकडे राहा, उजवीकडे." मी चिडायचो. कळतंय गं मला.

कळत नव्हतं. दोनदा तिच्यामुळे वाचलो.

तिसऱ्या दिवसापासून तिचं पोट दुखायला लागलं. पोटातून थेट पाठीत जायचं म्हणाली.

मी म्हटलं, ऑलिव्ह ऑइल बाधलं असेल. तिने ओव्याचं पाणी घेतलं. मग म्हटलं, गादी खराब आहे. एका दुकानातून जाड गादी आणून टाकली आणि स्वतःवर खूश झालो.

रोंडाच्या पुढे डोंगरात एक पांढरंशुभ्र गाव लागलं. मी मूर्खासारखा मॅपच्या नादाने थेट गावात शिरलो. गल्ली अशी की दोन्ही आरसे मिटावे लागले.

तिथे हिरवा क्रॉस दिसला. फार्मसी. तिला लागूनच दवाखान्याची पाटी.

"अरे, इथे थांब ना जरा. दाखवून येते."

"मेधा, हे धूड लावू कुठे? पुढच्या गावात बघू."

मागे पावाची व्हॅन हॉर्न मारत होती. पुढे गल्ली आणखी चिंचोळी. रिव्हर्स घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मेधा खाली उतरली. गाडीच्या मागे उभी राहून, पत्र्यावर थापा मारत अस्सल पुणेरी थाटात ओरडायला लागली, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"

व्हॅनवाला आपली गाडी मागे घेता घेता हसायला लागला. बाल्कनीतल्या बायका हसायला लागल्या. एका पोरीने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि नंतर आम्हाला पाठवला. मी तो लगेच ग्रुपवर टाकला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

तो व्हिडिओ मी आता किती वेळा बघितलाय, देव जाणे.

एका हाताने ती पत्र्यावर थापा मारतेय. दुसरा हात पोटावर दाबून धरलाय.

आम्हा कुणालाच तेव्हा तो हात दिसला नाही.

पुढचं गाव आलं. ती म्हणाली, "आता बरं वाटतंय. चल." मी चाललो. ग्रॅनाडा झालं, काबो दे गाताचा समुद्र झाला. ती मागच्या बेडवर पडून असायची आणि मी पुढून ओरडून सांगायचो, अगं बघ, बघ काय दिसतंय.

परत आलो तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर. चार महिने.

डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. डॉक्टर भले असतात. असंच म्हणतात.

परवा सई वर्षश्राद्धासाठी आली. मी पुन्हा त्या दवाखान्याच्या पाटीबद्दल बोलायला लागलो. वर्षभर हेच ऐकून पोर कंटाळली असणार.

"बाबा, स्टॉप. इट वॉजन्ट द पार्किंग."

मग तिने सांगितलं. शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्ये आईने तिला सांगितलेलं, मला कधीच न सांगायच्या अटीवर.

पोट आधीपासून दुखत होतं. आमच्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, स्कॅनसाठी पाठवलं होतं. निघायच्या आठवड्यातली तारीख आली होती. मेधाने फोन करून ती पुढे ढकलली.

"का?"

सईने एवढ्यापुरतं मराठीत सांगितलं, आईच्याच शब्दांत. "सगळ्यांनी कॅन्सल केलं, तुझ्या बाबाचं तोंड एवढंसं झालंय. आता मीपण नाही म्हटलं तर?"

"सो यू सी," सई माझा हात धरून म्हणाली, "इट वॉजन्ट यू, बाबा."

मला दोषातून सोडवायला सांगत होती बिचारी. मी मान हलवली.

खरं होतं ते. मी तोंड पाडून बसलो होतो. पन्नाशी उलटलेला माणूस, चार दिवस धड जेवलो नव्हतो. एका सहलीसाठी.

रस्ता चुकला, पार्किंग मिळालं नाही, असं वर्षभर म्हणत आलो. त्यात निदान थोडा दोष गल्लीचा होता. आता तेवढाही आधार उरला नाही. ती माझ्या रुसव्याला घाबरली.

तू नाही म्हणाली असतीस तर मी रुसलो असतो, मेधा. आठवडाभर बोललो नसतो. आणि मग गुपचूप उठून तुला स्कॅनला घेऊन गेलो असतो.

नेलं असतं गं मी.

सत्तावीस वर्षांच्या संसारात तुला एवढीही खात्री देता आली नाही मला.

जिथे असशील तिथे तुझं काही दुखत नसो. निरोप घेताना 'येतो' म्हणतात, तेही म्हणत नाही. नमस्कार.