दमलेला हात

संधिवाताने सांधे धरल्यापासून मी बरंच करून पाहिलं. योगासनं, पोहणं, भरभर चालणं. दर वेळी दोन दिवस जोर करायचा आणि मग आठवडाभर अंथरुणात काढायचा. आता खुर्चीवर बसून करायच्या हलक्या व्यायामाच्या वर्गाला जाते, तेही कंटाळतच.

काल शिकवणाऱ्या बाईंनी हात वर घ्यायला सांगितले. शेजारच्या सुलभाताईंचा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्यांनी तो ओढला नाही. डोळे मिटून जरा वेळ तसाच धरला, मग झोपलेलं बाळ ठेवावं तसा अलगद मांडीवर ठेवला.

"दुखतंय का हो?" मी हळूच विचारलं.

"दुखतंय की. पण त्याच्यावर चिडून काय करू? तोही दमलाय बिचारा."

माझं शरीर दमलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी त्याला नुसती बजावत आले, ऊठ, चाल, वाक. पुढच्या खेपेला माझा हात कानाशी अडला, तेव्हा मी त्याला तिथेच राहू दिलं. दुखणं गेलं नाही. पण आवळलेले दात सुटले आणि एकदम रडू आलं.

पायांनी रेटत सुलभाताईंनी आपली खुर्ची माझ्याजवळ आणली.