झिपरीचा उजवा पाय

आपण तोंड उघडायच्या आत हाताचा पंजा समोर धरून तो म्हणायचा, "कळ्ळं." असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तुम्हाला तो फार तर रेशन दुकानात नाहीतर बँकेत भेटला असेल. मला भेटला रामनगरात, कुत्र्यांचे केस कापायच्या दुकानात.

आमची कुत्री झिपरी मूळची आमच्या गावची, गुंदची नव्हे. कुळगीकडे जंगल बघायला आलेल्या कुणा पाहुण्यांनी तिला मागे सोडली. लांब सोनेरी केस, त्यात जंगलातले काटे, गुंता आणि गोचिडं. त्यातच डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात तिचा मागचा उजवा पाय अडकला. जखम भरली, पण तो पाय कुणी ओढला की ती कळवळायची.

हे सगळं मी त्याला सांगायला गेले. "दादा, तिचा मागचा पाय..."

"कळ्ळं, अक्का." नजर मोबाईलवर.

"केस थोडे ठेवा, थंडीत तिला..."

"कळ्ळं म्हटलं न्हवं? भायेर बसा."

तासाभराने झिपरी बाहेर आली ती सोललेल्या भुईमुगासारखी. अंगावर केस म्हणून नाही, आणि पाय वर धरून लंगडत होती. मी भांडले. तो यंत्र पुसत म्हणाला, "गोचिडं गेली का न्हाई? मग?"

पुन्हा तिथे पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. पण पाऊस संपता संपता केस वाढले, गोचिडं परत आली, आणि दुसरं दुकान थेट बेळगावात. या खेपेला मी झिपरीच्या त्या पायाला लाल फीत बांधून नेली. फीत बघून तरी विचारेल, असं वाटलं होतं.

"नटवून आणलीय जणू," म्हणत त्याने फीत सोडून कचऱ्यात टाकली आणि तोच पाय धरून तिला टेबलावर ओढली.

झिपरी त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने तिच्या तोंडावर ब्रश हाणला. मी तो ब्रश त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

"कुत्रं सांभाळाय येत न्हाई तर घरात बांधून ठेवा."

"ऐकायचं नसेल तर दुकान बंद करा."

रक्त थांबत नव्हतं. नळाखाली साबणाने जखम धुवायला लावली, झिपरीला शेजारच्या चहावालीकडे ठेवलं आणि त्याला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं.

नर्सबाई सुई घेऊन आल्या. तो म्हणाला, "बाई, डावा दंड नको. मोडलेला हाय जुना..."

"गोत्तु, गोत्तु," म्हणत त्यांनी त्याचा तोच डावा दंड घट्ट धरला. कानडीत, माहीत आहे, माहीत आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत राहिले. मला त्याची दया आली नाही, खरं सांगते.

परतताना रेल्वे फाटकापाशी स्कूटर थांबली, तेव्हा मागून आवाज आला, "कुठला पाय?"

"मागचा. उजवा."

"काय झाल्तं?"

मी फाशाचं सांगितलं.

पुढच्या खेपेला त्याने टेबल भिंतीला सारलं आणि स्वतः फरशीवर मांडी घातली. यंत्र बाजूला ठेवून कात्रीने त्या पायाचे केस कापले, पाय न उचलता, फरशीला गाल टेकवून. मधेच मला म्हणाला, "तुमी भायेर जावा. तुमी बोलाय लागला की ती बिचकती." माफी त्याने मागितली नाही. मीही आभार मानले नाहीत. असंच चाललं पुढे, एकमेकांकडे न बघता.

रस्ता रुंद होणार म्हणून दुकानांची ती रांग पाडायला घेतली. त्या दिवशी मी झिपरीला घेऊन बाजारात गेले होते. तो टेम्पोत सामान चढवत होता, गोव्याकडे निघाला होता. माझ्याशी बोलला नाही. झिपरीसमोर उकिडवा बसला, म्हणाला, "बगू," आणि तो पाय अलगद तळहातावर घेतला. अंगठ्याने जुना व्रण चाचपला.

झिपरीने ओठ वर करून त्याला दात दाखवले, घशात गुरगुरली. पाय मात्र तिने त्याच्या हातातून काढून घेतला नाही.