पंपाच्या पोटातले बुडबुडे

माझी नात पंपाच्या कारखान्यात आहे. पंप घडवण्याआधी त्याच्या पोटात पाणी कसं फिरेल, ते ती कॉम्प्युटरवर बघते. आज तिने मलाही दाखवलं. निळं पाणी मधून आत शिरत होतं आणि पात्यांवरून गरगरत बाहेर फेकलं जात होतं. पात्यांच्या तोंडाशी पांढरे ठिपके होते.

"हे बुडबुडे, आजी. विहिरीत पाणी कमी आणि ओढ जास्त असली की होतात. फुटता फुटता लोखंड खातात."

"आवाज येतो?"

"आत खडी भरल्यासारखा."

मी बघतच राहिले. नवरा गेल्यावर घरामागच्या सामाईक विहिरीवरची माझी पाळी दिराने बंद केली. माझी केळी उभ्या उभ्या वाळली. तेव्हापासून दोघांचं पाणी तो एकटाच ओढतो. मी देवाला पुष्कळ सांगितलं. देवाने काही केलं नाही, बुडबुडे करताहेत. गेला आठवडाभर त्याचा पंप खडखडतो आहे.

नातीनेही तो आवाज ओळखला. "चुलत आजोबांना सांगून येऊ? बाहेरचा व्हॉल्व्ह थोडा आवळला तरी पंप वाचेल."

"तू चहा घे," मी म्हणाले. "आणि ती खिडकी उघड. मला नीट ऐकू येऊ दे."