एक घर पुढे गेलेला रफार

रविवारी कंधारला आमच्या जाऊबाईंचं, निर्मलाबाईंचं, वर्षश्राद्ध झालं. त्यांनी हयातीत भजनांची एक छोटी पुस्तिका काढली होती. तीच पुन्हा दोनशे प्रती छापून वाटायची, असं मी ठरवलं.

प्रेसवाल्या भाऊंकडे जुनी फाइल होतीच. मधल्या काळात लातूरचा माणूस येऊन त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं नवीन टाकून गेला... अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरसुद्धा. जुन्या फाइली उघडतील ना, विचारलं. "उघडतात की वहिनी, आत्ताच बघितलं. फाइल तीच हाय, प्रूफ कशाला?"

कागद वाया जाईल म्हणून मीही गप्प बसले. ही माझी चूक.

आरती झाल्यावर गठ्ठा सोडला. पहिली प्रत जाऊबाईंच्या लेकीच्या, सुनीताच्या हातात दिली. ती निलंग्याहून पहाटेच्या एसटीनं आली होती. तिनं मुखपृष्ठावर बोट ठेवलं... "काकू, हे कोण?"

"निमर्ला" छापलं होतं. रफार एक घर पुढे! आत उघडलं तर दर्शनाचं दशर्न, कीर्तनाचं कीतर्न... जिथं रफार तिथं हेच.

वाटप थांबवून तशीच प्रेसवर गेले. भाऊ म्हणाले, "नव्या सॉफ्टवेअरला जुना फॉन्ट नीट कळून नाही राहिला, माझी काय चूक? आन् एवढं बारीक कोन वाचतंय?"

"तुमच्या आईचं नाव असतं तर वाचलं असतं का, भाऊ?"



फाइल उघडली, कुठं अडली नाही, म्हणून कुणी वाचलीच नाही. अडली असती तर बरं झालं असतं... निदान कळलं तरी असतं. नवीन आणणाऱ्यानं जुन्याचं एक पान तरी वाचून बघावं. आणि माझ्यासारखीनं कागदाला जपताना माणसाच्या नावालाही जपावं.

आतल्या भजनांचं देव समजून घेईल. नावाचं मात्र मी सोडलं नाही. दोन दिवस देवघरासमोर बसून एकेका प्रतीवर 'ला'वरचा रफार व्हाईटनरनं पुसला आणि काळ्या पेनानं 'म'वर काढला.

एकशे नव्याण्णव प्रतींवर आता नाव बरोबर आहे. चुकलेली एकच राहिली... ती सुनीता त्याच दिवशी घेऊन गेली.