तिसरी धुलाई

सात वर्षं मी नारळाच्या करवंट्या जाळून कोळसा केला. त्या कोळशात वीज साठवायची, चटकन भरेल आणि चटकन देता येईल अशी, माझी पीएच.डी. म्हणजे एवढंच. लग्नकार्यात हे सांगायला लागले की समोरचा माणूस ताट घेऊन दुसरीकडे वळायचा.

बडोद्यात करवंट्यांना तोटा नाही. दांडिया बाजारातल्या देवळांबाहेर पिशवीभर सहज मिळायच्या. अडलं ते भट्टीपाशी. प्रयोगशाळेतल्या भट्टीची काचेची नळी तडकली आणि नवी काही येईना. शेवटी पाणीगेटच्या एका वेल्डरकडून मी झाकणाची लोखंडी डबी करून घेतली. करवंट्यांचा कोळसा तिच्यात कॉस्टिक पोटॅश या जळजळीत क्षाराबरोबर तापवला की त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. डबीतल्या पहिल्याच कोळशाने इतकी वीज साठवली की मला वाटलं, मोजायचं यंत्र बिघडलंय. यंत्र ठणठणीत होतं. बाबांनी, सगळी नोकरी रिफायनरीत काढलेल्या माणसाने, आळीभर पेढे वाटले. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुखही झालं.

लेख एका शोधपत्रिकेकडे पाठवला. परीक्षकाने एकच ओळ लिहिली: नमुना आम्लाने शुद्ध करून आकडे पुन्हा द्या. माझं डोकंच फिरलं. मी पाण्याने धूत होते ते काय कमी होतं? तरी धुतला. गाळलेलं आम्ल पिवळं उतरलं. पिवळं म्हणजे लोखंड, हे अकरावीतली पोरगीही सांगेल. साठवलेली वीज थोडी घटली. दुसऱ्यांदा धुतला, आणखी घटली, तरी लेख निघाला असता. तिथे गप्प बसायला हवं होतं. पण हट्टीपणा अंगातच आहे, मी तिसऱ्यांदा धुतला. आम्ल स्वच्छ उतरलं आणि माझा कोळसा बाजारात गोणीने मिळणाऱ्या कोळशाइतकाच निघाला.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आलेख दोनदा पाहिला.

"अगं, तिसऱ्यांदा धुवायला कोणी सांगितलं होतं तुला? दोन वेळचेच आकडे लाव ने, बस."

"मॅडम, ती वीज कोळशाची नव्हतीच. डबीच्या लोखंडाची होती."

"मग तसं लिही."

तसं लिहायला बसले आणि आधीचे लेख चाळले. कोळशात राहिलेलं लोखंड असं फसवतं, हे लोकांनी केव्हाच लिहून ठेवलं होतं. माझ्याकडे नवं असं काहीच उरलं नाही. पीएच.डी.ची मुदतवाढही दोनदा घेऊन झाली होती. त्या दुपारी मला रडूसुद्धा आलं नाही, नुसतं थकून गेल्यासारखं झालं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे तुझ्या हातून चूक नाही ना झाली?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "चूक झाली असती तर पुन्हा करता आलं असतं."